गुरुजींनी गाव सोडले नव्हते

निवडणूक हरल्याच्या रागाने गुरुजी गाव सोडून गेले, असे आमच्याकडे आजही ठामपणे सांगितले जाते. हे साफ खोटे आहे, आणि सांगणाऱ्यांपैकी एकालाही ते माझ्याइतके ठाऊक नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या ग्रामपंचायत निवडणुकीत हे निवृत्त शिक्षक माझ्या थोरल्या भावाविरुद्ध उभे होते. त्यांचे घर बौद्ध. ‘ज्याने देव सोडला, तो गाव सोडेल!’ ही घोषणा मी रचली, आणि तिच्या ठेक्यावर मीच खूश होतो. पत्र्याचे बिल्ले वाटून मी ती पोरांकडून गल्लोगल्ली म्हणवून घेतली. भाऊ निवडून आला.

पुढे महिन्याभराने वाटूरच्या फाट्यावर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सामानासह जालन्याच्या गाडीची वाट पाहताना दिसले.

“गुरुजी, इलेक्शन तर झालं. मंग आता कशाला जाता?”

“तुझं झालं रे, पोरांचं न्हाई झालं. ही पाण्याला निघाली की अजून मागं ओरडून राह्यलेत.” मग ते हसले. “तुझा भाऊ निवडून आलाय, एवढं तरी सांग त्यांना.”

त्यांची ट्रंक मी गाडीच्या टपावर चढवली. पाहणारे म्हणतात, मी गुरुजींना मानाने निरोप दिला. तेही खोटे. गाडी हलेपर्यंत ‘परत चला’ एवढे माझ्या तोंडून निघाले नाही. कारण ते आले असते, तर मला पोरांना गप्प करावे लागले असते, आणि ती पोरे आमच्याच घरांतली होती.