भिवाजीच्या कांजिण्या

चंद्रभागा म्हातारीच्या कमरेवर नागीण उठली, तेव्हा ठाण्याच्या कोळीवाड्यात ज्याने त्याने आपलं शहाणपण पाजळलं. कुणी म्हणे गेरू लावा, कुणी म्हणे नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस गेलंच. म्हातारी गेरू फासून, आग सोसत, मासळी विकत बसली. शेवटी सून मेघालीने तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, लहानपणी कांजिण्या आलेल्या ना? हा तोच विषाणू. त्याला एकट्याने वाढता येत नाही. आपल्या पेशीत शिरतो आणि तिलाच राबवून आपल्यासारखे हजारो करून घेतो. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी थोडे नसांच्या मुळाशी झोपून राहतात. वय झालं की उठतात."

आलेल्या तर! धाकट्या भावाला, भिवाजीला, आधी आल्या, तेव्हा आईने दोघांना मुद्दाम एकाच गोधडीत निजवलं होतं, काय ते एकदमच होऊन जाऊ दे म्हणून. पुढे तोच भिवाजी होडी घेऊन खाडीत गेला, तो परतलाच नाही. त्याचा साधा फोटोही घरात नव्हता.

"म्हणजे हे माझ्या भावाकडनं आलेलं?"

"हो, त्याच्याकडूनच."

डॉक्टरीणबाईंनी हातावर ठेवलेली गोळी म्हातारीने उलटसुलट करून पाहिली. "हिच्यानं ते सगळं मरेल?"

"नाही आजी. वाढणं थांबेल. उरलेले परत झोपतील, आतच."

"आतच ना? मग दे पाणी, बाय."

गोळी गिळताना तिचा दुसरा हात कमरेवर होता, गोधडीतल्या पोराला थोपटावं तसा.