आप्पांनी दात बसवला तो दुसऱ्याकडून

मी पाथर्डीत दातांची डॉक्टर, स्टँडसमोर दवाखाना. आणि माझ्या बापानं नगरला जाऊन माझ्याच वर्गातल्या पोराकडून इम्प्लांट बसवून घेतला! कॉलेजात पहिली दाढ काढताना ज्याला दरदरून घाम फुटला आणि पक्कड मी हातात घेतली, त्याच्याकडून.

कारण काय, तर माझा दवाखाना सासरच्या घराला लागून. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी आमची माणसं, दात कसा घेतील? बरं, तेही गिळलं मी. पण मग आप्पा गावभर सांगत सुटले, "डॉक्टरसाहेबांचा हात लई हलका." तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला. माझा हात काय दगडाचा आहे?

यंदा बाजारात चारचौघांना दात दाखवायचा म्हणून त्यांनी त्याच दातानं ऊस सोलला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर.

"हलतोय गं. जरा आवळून दे."

"आता लेकीचं चालतं वाटतं?"

"हे काय काम हाय व्हय? निस्ता स्क्रू तर आवळायचा."

एक्स-रे काढला. खोटं कशाला बोलू, त्याच्या कामात काहीतरी खोट सापडावी म्हणून डोळे फाडफाडून बघितलं. मेली एक सापडेल तर शपथ! इम्प्लांट हाडात पक्का, फक्त वरचा दात धरून ठेवणारा स्क्रू तेवढा सैल. त्यात त्या कंपनीच्या स्क्रूची किल्ली माझ्याकडे नव्हती. मलाच त्याला फोन करावा लागला. तो इतका गोड बोलला की मी आणखीच जळले. संध्याकाळच्या एसटीनं, कंडक्टरच्या हाती, किल्ली आणि नवा स्क्रू आला.

सकाळी आप्पांना खुर्चीत घेतलं. दाताच्या माथ्यावरचं बुजवलेलं भोक उघडलं, जुना स्क्रू काढला, आतून साफ करून नवा बसवला. जोर मोजणारा पाना लावला. हवा तेवढा जोर होताच तो 'कट्ट' वाजला. जरा थांबून पुन्हा आवळला आणि भोक बुजवलं. हात तसूभर हलला नाही माझा. म्हटलं, आता तरी म्हणतील, पोरी, झकास. एवढंच हवं होतं हो मला, माझ्या बापाच्या तोंडून.

आप्पांनी जीभ फिरवून दात चाचपला, दातावर दात दाबून बघितले आणि खिशातून मोबाईल काढला.

"हॅलो डॉक्टरसाहेब, बसला बरं का घट्ट. तुमी सांगितलं तसंच केलं पोरीनं. हितंच हाय ती, काय चुकलं-माकलं असंल तर सांगा तिला."

माझ्या हातात मोजे होते, म्हणून फोन त्यांनीच माझ्या कानाला लावून धरला.