बर्फ आणणारे हिंदुराव

“कै. हिंदुराव हे प्रामाणिक मदतनीस होते. डॉक्टरसाहेबांच्या प्रयोगांसाठी ते बर्फ आणून देत.” शिरोलीच्या आमच्या कारखान्याने काढलेल्या स्मरणिकेत हिंदुरावांच्या वाट्याला एवढ्या दोन ओळी आल्या आहेत. लिहिणारा तेव्हा कारखान्यात नव्हताच. मी तेथे भांडारपाल होतो. फाटकातून काय आत आले आणि कशासाठी, हे मला कोणी शिकवू नये.

हिंदुराव कसबा बावड्याचे. पूर्वी ते गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळात कढईपाशी उभे राहून गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. कोणताही पाक दिसला की दोन बोटांत ताणून पाहत.

आम्ही लेथवर धातू कापताना तो थंड राहावा म्हणून सोडायचे दुधाळ तेल-पाणी, म्हणजे कूलंट, करत असू. ते आठवड्यात फाटे, तेल वर तरंगे आणि पिंपे परत येत. विरघळलेले सेल्युलोज, म्हणजे झाडापाल्यातला तंतू, तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवते, हे आमच्या डॉक्टरेटवाल्या साहेबांनी पुस्तकात वाचले होते. पुस्तक साहेबांचे, हे मी मान्य करतो. परंतु उसाच्या चिपाडाचा पांढरा लगदा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून ते उकळत बसले. गुळाच्या मुलखात आगीवाचून काही विरघळते यावर कोणाचा विश्वास नसतो; साहेबांच्या पदवीलाही तो समज पुसता आला नाही. लगदा तळाशी तसाच राहिला. तेव्हा साहेबांनी आणखी आगीसाठी बॉयलर मागवला.

“सायब, समदं उकळून सुटत न्हाय,” हिंदुराव म्हणाले. “गुळात घालायचा भेंडीचा चीक गार पाण्यातच सुटतोय की.”

रसायनशास्त्र गुऱ्हाळात शिकलात काय, असे साहेबांनी हसून विचारले.

“व्हय. तुमी कुठं शिकलासा?”

दुसऱ्या दिवशी हिंदुराव घरचा आइस्क्रीमचा पॉट घेऊन आले. भोवती बर्फ आणि खडेमीठ, आत कॉस्टिकचे पाणी आणि लगदा. तासभर दांडा फिरवून झाकण काढले, तो आत लगदा नव्हताच. काकवीसारखा दाट, पण काचेसारखा स्वच्छ द्रव होता. तो घालून घोटलेल्या पिंपात महिनाभर तेल वर आले नाही. “त्याल-पानी भांडायचंच, मधी जाणतं मानूस बसवाय लागतंय,” एवढेच त्यांचे भाष्य. सत्काराची शाल अर्थातच साहेबांच्या खांद्यावर पडली.

गेल्या वर्षी हिंदुराव गेले. परवा त्यांच्या मुलीने ती स्मरणिका माझ्यापुढे ठेवून विचारले, आबा नुसता बर्फच आणायचे का? मी तिला एवढेच सांगितले: बर्फाची गाडी आजही रोज सकाळी फाटकातून आत येते, आणि साहेबांचा बॉयलर एकदाही पेटलेला नाही.