पोलादपूरची प्रत

महाडच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी सहा वर्षं संगणकावर बसले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांतले टीबीचे पेशंट आमच्याकडे होते. वाड्यावस्त्यांवरून चिठ्ठ्या लिहून यायच्या, मी त्या संगणकात भरायची आणि दर गुरुवारी यादी छापून द्यायची: कोण, कुठल्या वाडीवरचा, त्याला कुठल्या गोळ्या. त्या यादीप्रमाणे पोलादपूरच्या सिस्टर पुड्या बांधून जीपने वर जायच्या. भरून झालेल्या चिठ्ठ्याही त्या पुड्यांच्या कागदातच जायच्या, कारण आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना कागद फुकट गेलेला बघवत नसे.

डॉक्टर चिकट होते, पण एका बाबतीत ठाम. सगळ्या नोंदी दोन ठिकाणी पाहिजेत. म्हणून महाडला सात फ्लॉप्या, सात आठवड्यांच्या, आणि एक प्रत पोलादपूरला सिस्टरच्या कपाटात. दर शनिवारी मी ताजी फ्लॉपी डब्यात घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, येताना तो जुनी परत आणायचा. आमच्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीवरसुद्धा बुरशी धरते, म्हणून डब्यात मूठभर तांदूळ.

मला हा दर शनिवारचा सोपस्कार जिवावर यायचा. स्टँडवर जा, ड्रायव्हरची वाट बघा, त्याची बोलणी ऐका. मी मुळातच चिडकी. एकदा डॉक्टरांना म्हटलं, "दर आठवड्याला कशाला? महिन्यातून एकदा पाठवते. फ्लॉप्या तरी कमी झिजतील." बचतीचं नाव काढल्यावर ते नाही म्हणणार नव्हते. वर चांगलं सुचवलंस म्हणाले, आणि मी दिवसभर हवेत होते.

श्रावणात विजेचा खेळ सुरू झाला आणि एका सकाळी संगणकाची डिस्क गेली. गावात टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक भाई होते, बरीच वर्षं दुबईला काढून परत आलेले. त्यांनी नवी डिस्क बसवली आणि नमाजाला गेले. मी म्हटलं, यांची वाट कशाला बघायची, आपल्याला काय येत नाही? सर्वांत ताजी फ्लॉपी घातली. आत घरघर झाली आणि पडद्यावर वाचता येत नाही असं आलं. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. माझा पारा चढला. एकेक काढून आपटत, पुढची खुपसत, सातही घालून झाल्या.

भाई आले, त्यांनी फ्लॉपीचं यंत्र खोललं आणि आतून कापसाचा बोळा फिरवून माझ्यासमोर धरला. त्यावर हिरवट काळा लगदा होता.

"पहिलीला बुरशी होती," ते म्हणाले. "ती घाण इथं आत चिकटली. मग जी जी चांगली घातलीत, ती या घाणीनं खरवडली. पहिली नाही चालली तेव्हाच थांबायला पाहिजे होतं, ताई."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सहा धड प्रती मी माझ्या हातांनी मारल्या होत्या. दवाखान्यात मात्र मी एवढंच सांगितलं, की फ्लॉप्या खराब निघाल्या.

संध्याकाळच्या गाडीने पोलादपूरची प्रत आली आणि पहिल्या फटक्यात चालली. एक फ्लॉपी, दहा मिनिटं, सगळी नावं जागेवर. गुरुवारी यादी छापली, सिस्टर पुड्या घेऊन गेल्या. डॉक्टर शाब्बास म्हणाले आणि मी ती शाब्बासकी घेतली.

सोमवारी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "अगं, ती काविळीची बाई? तिची मोठी पांढरी गोळी मी बंद केली होती, यकृताला सोसेना म्हणून. यादीत बरोबर आलं ना?"

मी शोधलं. गोळी बंद अशी एकही नोंद नव्हती. पोलादपूरची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती आणि गोळी त्यानंतर बंद झाली होती. म्हणजे गुरुवारी ती गोळी त्या बाईच्या पुडीत परत गेली होती, आणि ती तिचा जीव घेऊ शकत होती.

कोण बाई, कुठली, डॉक्टरांना आठवेना. गोळी बंद केली त्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या, चिठ्ठी डॉक्टरांनी स्वतः लिहिली होती. आणि भरली होती मी, मग ती पुडीच्या कागदात गेली. डोळे चिठ्ठीवर, बोटं कळांवर, मन भलतीकडेच. मी डोकं धरून बसले, पण नाव आठवलं नाही ते नाहीच. स्वतःची इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, सगळ्या वाड्या पालथ्या घाला. पण जीप एक, डिझेल थोडं, पाऊस धरलेला. सगळ्या वाड्या करायला आठवडा गेला असता. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सगळीकडं कशाला? जुनं हाय ते खोटं नाय, आन् मी लिवलेलं मला ठावं हाय. मधल्या तीन आठवड्यांत डॉक्टर सोता कुठं गेले तेवढंच बघा. जीपच्या डायव्हरच्या डिझेलच्या वहीत आसंल."

वही काढली. डॉक्टर दोनच दिवस वर गेले होते आणि चार वाड्या केल्या होत्या. तासाभरात आम्ही निघालो.

तिसरी वाडी उमरठ गावाच्या वर, जीप खाली ठेवून चढायची. पहिल्याच घराच्या ओटीवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती, मागे गोठ्यात म्हशी ओरडत होत्या. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे. एक दिवसाआडची गोळी, दोनदा घेऊन झाली होती.

मी दम लागलेली, त्यात घाबरलेली, तिच्यावरच ओरडले. "डॉक्टरांनी बंद सांगितली होती ना? मग का घेतलीत?"

"परत पुडीत आली गो," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्या कंप्युटरात लिवलेलं आसंल."

चौघांनी तिला डोलीत घालून खाली आणलं. मोठ्या इस्पितळात ती महिनाभर होती. पहिले आठ दिवस तिथले डॉक्टर ती वाचेल असं सांगायला तयार नव्हते. मी रोज सकाळी फोन लावायची आणि ती आहे एवढं कळलं की कामाला बसायची.

बरी होऊन ती दवाखान्यात आली. अर्धी झाली होती. माझ्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसली आणि विचारलं, "माझी चिठ्ठी गेली कुठं होती गो?"

"मशीन बिघडली होती," मी म्हटलं. आणि मला रडू फुटलं.

तिनं स्टूल जवळ ओढलं. "मशीनला काय कळतंय," ती म्हणाली. "तू नको लावून घेऊ जिवाला." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तो फिरवू दिला.