नीलेशचे बूट

मंगळवारी सकाळी माझा धाकटा भाऊ नीलेश दवाखान्यातच वारला. आज नाशिकरोडच्या घरी त्याच्या खोलीतला माळा आवरताना त्याचे नदीवर घालायचे बूट सापडले. रबराचा आणि शेवाळाचा वास अजून तसाच होता.

इगतपुरीकडे धरणाखाली नदी खडकांतून धावते, तिथे नीलेश कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, चालवायला शिकवायचा. मी पहिल्यांदा गेले ती जीन्स, स्वेटर आणि चपला घालून.

"ताई, वाचनालयात निघालीस का?" तो हसला. "भिजलेली जीन्स घालून पोहून दाखव बरं. आणि चप्पल तुझ्याआधी घोटीला पोचेल."

त्याने मला पटकन वाळणारे कपडे दिले. मी एक लांब, निमुळती कयाक निवडली, कारण ती सुंदर होती. त्याने एका बुटक्या, रुंद कयाकवर थाप मारली.

"ही घे. दिसायला म्हैस आहे, पण सांभाळून घेते."

मग स्वतःचे बूट काढून, आत दोन-दोन मोजे चढवून, ते माझ्या पायांत बसवले.

"आणि तू?"

"मला इथले दगड ओळखतात."

मी तीनदा उलटले. तिन्ही वेळा तो अनवाणी पाण्यात उतरून मला काठावर घेऊन आला. परतताना गाडीत त्याच्या तळव्याला रुमाल बांधलेला दिसला. मी माझ्याच पराक्रमाबद्दल बोलत राहिले. पायाला काय झालं, ते विचारलं नाही.

बूट आठ नंबरचे आहेत, माझा पाय पाचचा. ते मी ठेवून घेतले आहेत.