दुसऱ्या ओळीनंतरची उसंत

मला ढोलकी येते असं मी तीस वर्षं समजत होतो. येत नव्हती. बायको गेल्यावर ते कळलं, आणि ज्यांच्यासमोर कळलं त्या तिघांबरोबर मी आजही बसतो, म्हणून लिहितोय. शाळा सातवीपर्यंत. चुका असतील त्या असतील.

अंबरनाथला मी पॉवर प्रेसवर होतो. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं. डाव्या करंगळीचं एक पेर त्या मशीनने घेतलं, कारण मशीन माणसासाठी थांबत नाही. घरी आलो की ढोलकी. चाळीतल्या भजनात बायको पुढे गायची आणि मी मागे वाजवायचो. तिला दमा होता. तिची एक आवडती गौळण होती, तिच्यात दुसरी ओळ लांबलचक. ती संपवेपर्यंत हिचा श्वास संपायचा. मग मी हात वर धरून थांबायचो, दोन मात्रा, कधी अडीच. ती श्वास घ्यायची, पुढचा शब्द टाकायची की माझी थाप पडायची. पुढेपुढे सगळ्याच गाण्यांत दुसऱ्या ओळीनंतर आम्ही थांबायला लागलो. लोकांना वाटायचं दोघांनी ठरवून बसवलंय, किती छान उसंत घेतात. ठरवलं होतं कुणी? तिला दम लागायचा, एवढंच.

एक दिवस तो श्वास आलाच नाही. दवाखान्यात नेताना रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिचा हात धरून थांबलो, जसा कायम थांबायचो. दुसरं मला काही येतच नव्हतं.

चार महिने ढोलकी कपाटावर पडून होती. मग एक दिवस पेटीवाले बुवा आले. ते आमच्याच कंपनीत फिटर होते, आता बदलापूर गावात देवळामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी भजनाला बसतात. त्यांचा ढोलकीवाला मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता. मला म्हणाले, घरात भिंती बघत बसण्यापेक्षा आमच्यात येऊन बस. मी गेलो, पण माझा मतलब वेगळा होता. बायकोच्या वर्षश्राद्धाला घरी भजन ठेवायचं आणि तिच्या गौळणीला ढोलकी मीच वाजवायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तिथे दुसऱ्याचा हात मला नको होता.

खोलीत बुवा धरून तिघंच. गाणारी बाई गावातलीच, शेतावरची, माझ्या बायकोला लग्नकार्यांतून ओळखणारी. आणि उल्हासनगर कॅम्प एकचा एक सिंधी, चाळिशीचा, लेस-बटणांचं दुकान असलेला. तो बेंजो वाजवायचा.

पहिल्याच गाण्यात दुसरी ओळ संपली आणि मी हात वर धरला. बाई पुढे गेली होती, ती गडबडून थांबली. बेंजो दोन पावलं एकटाच पळाला. बुवांनी भाता मिटला. परत सुरू केलं, परत तेच. मला वाटलं हीच माणसं कच्ची आहेत, उसंत कळत नाही यांना. चौथ्या वेळी मी तसं बोललोही. त्यावर बाई टाळ खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, मला दमा नाही. माझा श्वास पुरतो. मध्ये थांबू नका."

मी ढोलकीला गवसणी घालायला लागलो. बुवा म्हणाले चहा पिऊन जा. चहा पिताना त्यांनी मला तोंडावर सांगितलं, इतकी वर्षं तू ताल धरलाच नाहीस, तिला धरलंस. "वर्षश्राद्धापर्यंत हात सरळ झाला नाही तर मी कल्याणहून दुसरा माणूस आणीन. वाईट वाटून घेऊ नको."

वाईट वाटलंच. पण खोटं काय बोलले ते?

मग सुरू झालं. घरी मांडीवर, पिठाच्या डब्यावर, बसस्टॉपच्या बाकावर मी ठेका धरायचो आणि दुसऱ्या ओळीनंतर हात जबरदस्तीने पुढे ढकलायचो. हात ऐकायचा नाही, आपोआप वर जाऊन राहायचा. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा सिंध्याच्या दुकानात जायचो. तो काउंटरवर बोटांनी वाजवायचा, मी स्टुलावर. त्याची पंचाईत अशी की तो एकच चाल दोनदा सारखी वाजवायचा नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "साईं, तुमचा बेंजो म्हणजे उल्हासनगरचं मार्केट. आत शिरलं की बाहेर यायला रस्ता नाही." तो हसून म्हणाला, "काका, घूमफिरके समवरच यायचंय ना? मग फिरू द्या की."

हळूहळू मला एक लक्षात आलं. मी आजवर एकाच माणसाचा श्वास ऐकला होता. आता तिघांचं ऐकायचं होतं. बाई ओळ लांबवणार असली की आधी तिचा डावा खांदा वर यायचा. सिंधी फिरून परत यायला लागला की त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. बुवांचा भाता जड झाला की समजायचं, आता लय वाढणार. हे कुणी शिकवलं नाही. शिकवता येतही नसेल.

गणपतीनंतरच्या एका रविवारी ते जमलं. बाईने न ठरवता दुसरी ओळ परत घेतली, मग परत, दर वेळी वेगळी. बेंजो तिच्या मागे धावला, मी मध्ये शिरून जलद लग्गी लावली, सगळे भलतीकडे गेलो आणि चौघंही एकदम समेवर उतरलो. बुवा पेटीवर हात आपटून हसले. मी पण हसलो. मी मध्ये कुठेच थांबलो नव्हतो. घरी आलो, कुलूप काढलं, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी मी तिघांना म्हटलं, बाकी सगळं सरळ वाजवू, पण तिच्या गौळणीला दुसऱ्या ओळीनंतर दोन मात्रा सोडायच्या. का ते कुणी विचारलं नाही. बाई एवढंच म्हणाली, "थांबू, भाऊ. तुम्ही म्हणाल तेवढं थांबू."

श्राद्धाच्या दिवशी सकाळी विधी झाले, सासरहून आलेल्या मुलीने आईच्या पद्धतीची खीर केली, दुपारी भजनाला बसलो. पहिली गाणी चांगली झाली. नातेवाईक माना डोलवत होते. मग गौळण आली. दुसरी ओळ संपली. बुवांचा भाता थांबला. बाईने ओठ मिटले. सिंध्याने हात तारांवरून उचलला. खोलीत एकदम शांत झालं.

आणि माझा हात चालूच राहिला. त्या शांततेत एकटी ढोलकी, दोन मात्रा, स्वच्छ, एकही थाप इकडेतिकडे नाही. मी माझ्याच हाताकडे बघत होतो. प्रेसखाली बोट गेलं तेव्हाही असंच बघत होतो, दिसत सगळं होतं, थांबवता येत नव्हतं. तिसरी ओळ सुरू झाली, बाकीचे आले, गाणं पुरं झालं.

माझा चुलत मेहुणा म्हणाला, "दाजी, आज हात काय सरळ चालला तुमचा. पूर्वी मध्येच अडायचात." मी मान हलवली. बेंजो गुंडाळताना सिंधी माझ्या कानाशी म्हणाला, "काका, परत घ्यायचं?" मी नको म्हटलं. परत घेऊन काय होणार होतं?

सगळे गेल्यावर फोटोसमोर बसलो, ढोलकी मांडीवर घेतली, मनात दुसरी ओळ म्हटली आणि हात थांबवला. थांबला. पण तो एक, दोन असा मोजून थांबला. तिचा श्वास मोजून येत नव्हता. दहा-बारा वेळा करून बघितलं. कधी हात लवकर खाली आला, कधी वरच राहिला.

पुढच्या रविवारी परत बदलापूरला गेलो. तिथे हात बरोबर चालतो.