पाचोडचे निकम डॉक्टर

परवा पाचोडला जाऊन आले. बाबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं आणि तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांचा फोटो लावावा, असं माझ्या मनानं घेतलं होतं... अर्धी नोकरी त्यांनी तिथंच काढली.

भाऊ म्हणाला, इतक्या वर्षांनी सरकारी डॉक्टरला कोण ओळखतंय? राग आला, पण खरं सांगते, मलाही तीच धास्ती होती. शेवटी शेवटी बाबा सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत गप्प बसून असायचे... माणसाबरोबर त्याचं कामही जातं का, हे मला वर्षभर छळत होतं.

बाजाराचा दिवस. कोवळं ऊन, मेंढ्यांनी उडवलेली धूळ, आणि त्या धुळीत सगळं गाव तरंगत असल्यासारखं... दवाखान्याच्या दारात फिनेल आणि लोकरीचा वास आला. बाबा घरी आले की त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा. मी उगाच थबकले.

आत एक मेंढपाळ बाई मांडीवर कोकरू घेऊन बसली होती. "निकम डॉक्टर, बघा की वो... सकाळपासून दूधच पीत नाय ह्ये."

मी चटकन आत डोकावले. निकम म्हणजे तर माझे बाबा!

आतून आली ॲप्रन घातलेली एक तरुण मुलगी. मी ओळख सांगितली तर ती हसायलाच लागली. "मी साळुंके हो! पण ही मंडळी येईल त्या डॉक्टरला निकमच म्हणतात. माझ्या आधीच्या सरांनाही म्हणायचे. मी समजावणं सोडून दिलंय."

मी मोठ्या तोऱ्यात बाईंपुढं फोटो धरला. त्यांनी निरखून पाहिला. "कोण हायेत ह्ये पावणं?"

त्यांनी बाबांना कधी बघितलंच नव्हतं. "सासू सांगायची, जनावर दुखण्यानं बसलं की निकम डॉक्टरकडं न्यायचं. लई मायाळू असतेत ते."

म्हणजे त्यांच्या लेखी निकम हे आडनाव नव्हतंच, तो हुद्दा होता... मला हसू आलं आणि डोळेही भरले.

औषध पाजून झाल्यावर बाई फाटकापर्यंत गेल्या आणि तिथून हाक मारली, "निकम डॉक्टर, उद्या पुन्ना आणू का ह्येला?" धुळीतून, फार लांबून आल्यासारखी ती हाक... बाबाच उत्तर देतील, असं क्षणभर वाटून मी वळले.

"हो, या सकाळीच!" साळुंके मॅडम म्हणाल्या.

बाबांचा चेहरा तिथं कुणाला आठवत नाही, याचं आता मला काही वाटत नाही. मॅडम, त्यांच्या नावाला तुम्ही ओ देता... तुमचे फार उपकार आहेत.